संत थॉमस मोर यांची घरची शाळा

जून महिना उजाडला की आपल्याकडे घरोघरी शाळेची तयारी सुरू होते. नवी दप्तरे, छत्र्या, वह्यांची कव्हरे, गणवेश, शाळेची फी आणि तिच्या जोडीला शिकवणीची फी यांच्या हिशेबात आईवडील बुडून जातात. त्याच महिन्याच्या २२ तारखेला ख्रिस्तसभा संत जॉन फिशर व संत थॉमस मोर या दोन इंग्रज रक्तसाक्षींचे स्मरण करते. शाळेच्या गडबडीत हा दिवस आपल्यापैकी फारसा कुणाच्या ध्यानात राहत नाही. तरीही शाळा उघडण्याचा आणि थॉमस मोर यांच्या स्मरणाचा महिना एकच असावा, हे आम्हांला मोठे अर्थपूर्ण वाटते.

थॉमस मोर आपल्याला ठाऊक आहेत ते राजाला नकार देणारे पुरुष म्हणून. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याने स्वतःला तेथील ख्रिस्तसभेचा प्रमुख म्हणवून घेतले, ते मोर यांनी मान्य केले नाही आणि ६ जुलै १५३५ रोजी लंडनच्या टॉवर हिलवर त्यांचा शिरच्छेद झाला. १९३५ साली पोप अकरावे पायस यांनी त्यांना संतपद दिले. २००० साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना राज्यकर्त्यांचे व राजकारणी पुरुषांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. हे सारे योग्यच झाले. परंतु चान्सेलर होण्यापूर्वी आणि रक्तसाक्षी होण्यापूर्वी मोर हे चार लेकरांचे वडील होते, आणि त्या लेकरांसाठी त्यांनी आपल्या घरातच एक शाळा चालविली होती. त्या शाळेची कीर्ती त्यांच्या हयातीतच युरोपभर पसरली होती. या लेखात आम्हांला तिचाच इतिहास सांगावयाचा आहे.

पहिली विद्यार्थिनी

मोर यांचा जन्म १४७८ च्या सुमारास लंडन शहरात झाला. वडील जॉन मोर हे वकील होते आणि पुढे न्यायाधीश झाले. लहानपणी थॉमस लंडनच्या सेंट अँथनी शाळेत गेले. नंतर आर्चबिशप जॉन मॉर्टन यांच्या घरी त्यांना सेवक-विद्यार्थी म्हणून ठेवण्यात आले. थोरामोठ्यांच्या घरी राहून, पानावर वाढता वाढता कानांवर पडेल ते शिकायचे, अशी त्या काळची एक रीत होती. पुढे सुमारे दोन वर्षे ऑक्सफर्डला काढल्यावर वडिलांच्या इच्छेनुसार ते कायद्याकडे वळले. याच तरुण वयात ते लंडनच्या कार्थुसियन मठाच्या सान्निध्यात जवळपास चार वर्षे राहिले. संन्यस्त व्हावे की संसार करावा, हा प्रश्न त्यांना छळत होता. अखेर त्यांनी संसार निवडला. मात्र मठातली शिस्त, प्रार्थना आणि वाचन ते आपल्याबरोबर घरी घेऊन आले, असे त्यांच्या पुढच्या आयुष्याकडे पाहून म्हणावेसे वाटते.

१५०५ साली त्यांचा विवाह जेन कोल्ट हिच्याशी झाला. जेन खेड्यात वाढलेली होती आणि तिचे शिक्षण बेताचेच होते. मोर यांचे जिवलग मित्र, हॉलंडचे विद्वान धर्मगुरू इरॅस्मस यांनी १५१९ साली एका पत्रात मोर यांचे शब्दचित्र रेखाटले आहे. मोर यांनी आपल्या तरुण पत्नीला अक्षरविद्या आणि संगीत शिकविण्याची व्यवस्था केली, असे त्यात ते नमूद करतात. घरच्या शाळेतील पहिली विद्यार्थिनी ही अशी घरची गृहिणीच होती. हे शिक्षण सुखासुखी पार पडले असेल असे नाही. इरॅस्मस यांच्या एका संवादात, नवऱ्याच्या पुस्तकांना आणि पाठांना कंटाळून रडणारी एक नववधू आहे. ती कथा मोर यांच्याच घरावर बेतलेली असावी, असे अनेक अभ्यासकांना वाटते. नव्या नवरीच्या हाती पुस्तक देणाऱ्या नवऱ्याचा उत्साह आणि तिची दमछाक, दोन्ही आपल्याला समजू शकतात.

मार्गारेट, एलिझाबेथ व सिसिली या तीन मुली आणि जॉन हा मुलगा, अशी चार मुले मागे ठेवून जेन १५११ साली वारली. थोरली मार्गारेट तेव्हा जेमतेम पाच-सहा वर्षांची होती. महिन्याभरातच मोर यांनी ॲलिस मिडलटन या विधवा बाईशी लग्न केले. लोक काय म्हणतील, यापेक्षा चार पोरक्या लेकरांना आई हवी, हा विचार त्यांनी केला असावा. ॲलिसबाई वयाने त्यांच्याहून मोठ्या, बोलायला फटकळ आणि घर चालविण्यात वाकबगार होत्या. त्यांनाही मोर यांनी सोडले नाही. उतारवयाकडे झुकलेल्या या बाईंना त्यांनी चार-चार वाद्ये वाजवायला शिकायला लावले, आणि रोजचा नेमलेला सराव त्या करीत असत, असे इरॅस्मस कौतुकाने सांगतात.

ॲलिसबाईंबरोबर त्यांची मुलगी आली. मार्गारेट गिग्ज नावाची एक मुलगी घरात मानलेली लेक म्हणून वाढत होती. ॲन क्रेसॅकर व जाइल्स हेरन ही पालकत्वाखाली आलेली मुले पुढे घरात आली आणि कालांतराने मोर यांची सून व जावई झाली. सख्खी, सावत्र आणि मानलेली अशी ही सारी लेकरे एकाच पंगतीला जेवत आणि एकाच फळ्यावर शिकत. सुरुवातीला हे बिऱ्हाड लंडनमधील बकलर्सबरी भागात होते. १५२० च्या दशकाच्या मध्यावर ते थेम्स नदीकाठी चेल्सी येथे हलले.

अभ्यासाचे विषय

या शाळेत काय शिकवीत? मोर यांची पत्रे आणि त्यांच्या चरित्रकारांनी जपलेल्या आठवणी यांवरून तिचा अभ्यासक्रम बराचसा समजतो. लॅटिन हा पाया. त्यावर ग्रीक. मग तत्त्वज्ञान, धर्मशास्त्र व ख्रिस्तसभेच्या आद्य पितरांचे ग्रंथ, गणित आणि खगोलशास्त्र. जोडीला संगीत. एवढे सारे विषय एका माणसाला शिकविता येत नाहीत, हे मोर जाणून होते; म्हणून त्यांनी घरी शिक्षक ठेवले. त्यांतील पहिले जॉन क्लेमेंट. हे पुढे ऑक्सफर्डला ग्रीकचे अध्यापक, नंतर नामांकित वैद्य आणि मार्गारेट गिग्जचे पती झाले. त्यांच्यानंतर विल्यम गोनेल आले. म्युनिकहून इंग्लंडला आलेले निकोलस क्राट्झर हे राजाचे खगोलशास्त्रज्ञ होते. त्यांनी या मुलांना आकाश वाचायला शिकविले. राजदरबाराच्या कामासाठी घरापासून दूर असलेले मोर एका पत्रात या प्रगतीबद्दल मुलांची गोड थट्टा करतात. आता तुम्हांला ध्रुवतारा आणि व्याधाचा तारा तर ओळखता येतोच, पण चंद्र कोणता आणि सूर्य कोणता हेही कळू लागले आहे म्हणे, अशा आशयाचे ते लिहितात. त्या पत्राचा मायना आहे, आपल्या संपूर्ण शाळेस. ‘शाळा’ हा शब्द त्यांचा स्वतःचाच आहे.

पुस्तकांबाहेरही बरेच होते. मोर यांना प्राणी-पक्ष्यांचा नाद होता. माकड, कोल्हा, मुंगूसवर्गातले लहान प्राणी आणि नाना तऱ्हेचे पक्षी त्यांच्या घरी पाळलेले असत, आणि त्यांच्या सवयी न्याहाळण्यात त्यांना आनंद वाटे. सशांच्या खुराड्यावर डोळा ठेवून असलेल्या एका प्राण्याचा डाव त्या माकडाने कसा हाणून पाडला, ती हकिकत इरॅस्मस यांनी लिहून ठेवली आहे. आजच्या शाळेत ज्याला परिसर अभ्यास म्हणतात तो या मुलांना अंगणातच मिळत होता.

जेवणाच्या वेळी, मठात असते तशी, घरातील एक मुलगी बायबलमधील उतारा मोठ्याने वाची. मग त्या उताऱ्याच्या अर्थावर बोलणे होई. त्यानंतर हास्यविनोद. फासे आणि पत्ते यांना घरात थारा नव्हता. घरी असताना मोर रात्री निजण्यापूर्वी बायको, मुले व नोकरचाकर यांना एकत्र बोलावून प्रार्थना म्हणत. त्यांचे जावई विल्यम रोपर यांनी लिहिलेल्या चरित्रात ही नोंद आहे. आपल्याकडे सांजवेळी आल्तारीपुढे दिवा लावून सारे घर रोझरीला गुडघ्यांवर बसते, त्याची येथे आठवण झाल्यावाचून राहत नाही.

हान्स होल्बाइन या चित्रकाराने १५२७ च्या सुमारास या कुटुंबाचे चित्र काढले. मूळ चित्र नष्ट झाले. परंतु त्याचा आराखडा स्वित्झर्लंडमधील बाझल येथे जपून ठेवलेला आहे. घरातील माणसे दाटीवाटीने बसली आहेत, भिंतीवर घड्याळ आहे, ॲलिसबाईंपाशी माकड आहे, आणि जिकडेतिकडे पुस्तके आहेत. कुणाच्या हातात, कुणाच्या मांडीवर, काही जमिनीवरही. प्रत्येकाचे नाव व वय क्राट्झर गुरुजींनी आपल्या हस्ताक्षरात लिहिले आहे.

मुलींनी का शिकावे?

या शाळेचे खरे नावीन्य असे, की तिच्यातील बहुतेक विद्यार्थी मुली होत्या, आणि त्यांना व जॉनला एकच अभ्यास होता. इंग्लंडात त्या काळी सुखवस्तू घरच्या मुलीलाही शिवणकाम, घरकाम आणि प्रार्थनापुस्तक वाचता येण्यापुरते अक्षरज्ञान पुरेसे मानले जाई. लॅटिन आणि ग्रीक या भाषा पुरुषांच्या. त्या शिकून मुलगी बिघडेल, अशी भीती विद्वानांनाही वाटे.

१५१८ च्या सुमारास मोर यांनी गोनेल गुरुजींना एक दीर्घ पत्र लिहिले. आमच्या मते ख्रिस्ती पालकांनी आवर्जून वाचावे असे ते पत्र आहे. सद्गुणाला जोडलेली विद्या राजाच्या खजिन्याहून मोलाची आहे, पण सद्गुण वजा केला तर विद्येची कीर्ती ही निव्वळ बदनामी ठरते, असा त्याचा रोख आहे. मुलांना गर्वापासून जपा, असे ते गुरुजींना बजावतात. सोन्याच्या दागिन्यांचे आणि लोकांच्या वाहवेचे वेड त्यांना लागू देऊ नका; विद्येचे फळ म्हणजे देवभक्ती, माणसांविषयी करुणा आणि मनाची नम्रता, हे त्यांच्या मनावर बिंबवा, असे ते सांगतात. मुलींविषयी ते शेतीचा दाखला देतात. बी पेरणारा हात पुरुषाचा की स्त्रीचा, याने पिकात फरक पडत नाही. बुद्धी दोघांनाही सारखीच दिलेली आहे. आणि स्त्रीची जमीन निकस असते असे ज्यांना वाटते, त्यांनी तर तिची अधिकच मशागत करावयास हवी, असा बिनतोड युक्तिवाद ते करतात. आपल्या शेतकरी वाडवडिलांना हा दाखला लगेच पटला असता.

याच पत्रात मोर आधार देतात तो संत जेरोम व संत ऑगस्टिन यांचा. ते योग्यच आहे. इ.स. ४०३ च्या सुमारास संत जेरोम यांनी रोममधील लेटा नावाच्या मातेला, तिच्या पावला या छोट्या मुलीला कसे वाढवावे, याविषयी पत्र लिहिले होते. लाकडाची किंवा हस्तिदंताची अक्षरे करून मुलीला खेळायला द्या, खेळता खेळता ती अक्षरे ओळखू दे. तिचा हात धरून गिरवून घ्या. तिच्याबरोबर शिकायला मैत्रिणी असू द्या. ती मागे पडली तर रागावू नका, नाहीतर अभ्यासाचा तिटकारा मोठेपणीही जाणार नाही, असा त्या वृद्ध संताचा उपदेश होता. बालवाडीची कल्पना जगात रुजण्यापूर्वी चौदाशे वर्षे हे लिहिले गेले. घरी मुलांना शिकविण्याची परंपरा ख्रिस्तसभेत किती जुनी आहे, हे यावरून कळून यावे.

मोर यांच्या मुली पाहून इरॅस्मस यांचेही मत बदलले. स्त्रियांना विद्येचा काय उपयोग, असे आपल्यालाही पूर्वी वाटत असे; मोर यांनी तो समज पार घालविला, अशी कबुली १५२१ साली गियोम ब्युदे या फ्रेंच पंडिताला लिहिलेल्या पत्रात ते देतात. एवढ्या मोठ्या विद्वानाने आपली चूक अशी मोकळेपणाने मान्य करावी, हे त्याच्याही थोरवीचे लक्षण होय.

पित्याची पत्रे

राजाच्या कामासाठी मोर यांना वारंवार बाहेरगावी जावे लागे. अशा वेळी शाळा चाले ती पत्रांवर. मुलांनी रोज पत्र लिहावे, आणि तेही लॅटिनमध्ये, असा त्यांचा आग्रह असे. लिहिण्यासारखे काही नाही, ही सबब ते चालू देत नसत. मुलींना बोलायला विषय कधी कमी पडतो काय, असे ते थट्टेने विचारीत. पत्र कसे लिहावे हेही त्यांनी सांगून ठेवले होते. आधी आपल्या भाषेत मजकूर लिहावा, म्हणजे विचार नीट जुळतात. मग त्याचे लॅटिन करावे. ते पुन्हापुन्हा वाचून चुका काढाव्यात, आणि स्वच्छ प्रत केल्यावर तीही तपासावी. पहिला विचार मायबोलीत करावा, हा एका कसलेल्या लेखकाने आपल्या मुलांना दिलेला धडा इंग्रजी माध्यमामागे धावणाऱ्या आजच्या पालकांनी ध्यानात घेण्यासारखा आहे.

एकदा सर्वांची पत्रे आली तेव्हा त्यांना जॉनचे पत्र सर्वांत आवडले. ते इतरांपेक्षा लांब होते आणि त्यासाठी त्याने अधिक मेहनत घेतलेली दिसत होती. बहिणींच्या मानाने जॉनची बुद्धी साधारणच, असे पुढे चरित्रकार म्हणत आले. बापाने मात्र त्या दिवशी त्याची पाठ थोपटली.

मुलांना उद्देशून मोर यांनी लिहिलेली एक लॅटिन कविता १५२० साली छापली गेली. पावसात, चिखलातून घोडा हाकीत असताना ती त्यांनी रचली. आपण तुमचे मुके किती वेळा घेतले आणि फटके किती कमी दिले, याची त्यात ते आठवण करून देतात. छडी म्हणून वापरले ते मोराचे पीस, आणि तेही हलक्या हाताने. छडी लागे छमछम या न्यायाने इंग्लंडमधील शाळा चालत होत्या त्या काळातील ही गोष्ट आहे. मार्गारेट गिग्ज म्हातारपणी सांगत असे, की लहानपणी ती मुद्दाम एखादी बारीकशी चूक करी. मोर किती मायेने समजावतात, ते ऐकण्याचे सुख मिळावे म्हणून.

एकदा मोर एक्झेटरचे बिशप जॉन व्हेसी यांच्याकडे गेले असताना खिशातून कागद काढताना मार्गारेटचे पत्र बाहेर आले. एका स्त्रीचे ते लॅटिन पत्र पाहून बिशपमहोदय थक्क झाले आणि त्यांनी मार्गारेटसाठी सोन्याचे एक पोर्तुगीज नाणे काढून दिले. मोर यांनी ते परत करण्याचा परोपरीने प्रयत्न केला, पण बिशप ऐकेनात. मोर संकोचले, कारण या बक्षिसामुळे इतर मुलींची पत्रे दाखविण्याची सोय उरली नाही! पोर्तुगीज नाण्यावरून आठवले. मोर यांच्या १५१६ सालच्या ‘युटोपिया’ या जगप्रसिद्ध ग्रंथातील कथेकरी राफाएल हाही पोर्तुगीजच आहे, आणि तो आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील कालिकतमार्गे मायदेशी परततो.

विद्येचे पीक

मार्गारेटचा विवाह १५२१ साली विल्यम रोपर यांच्याशी झाला, पण तिचा अभ्यास सुटला नाही. इरॅस्मस यांनी ‘हे आमच्या स्वर्गीय बापा’ या प्रभूच्या प्रार्थनेवर लॅटिनमध्ये चिंतन लिहिले होते. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी मार्गारेटने त्याचा इंग्रजी अनुवाद केला. त्याला रिचर्ड हर्ड या मोर यांच्या घरातील पंडिताने १५२४ साली चेल्सीहून प्रस्तावना लिहिली. मुलींना विद्या द्यावी की नाही, या वादात मुलींची बाजू घेऊन इंग्रजीत लिहिलेल्या अगदी आरंभीच्या लेखनात तिची गणना होते. संत सिप्रियन यांच्या एका पत्रातील काही शब्द नकलकारांच्या हातून बिघडले होते आणि वाक्याचा अर्थच लागत नव्हता. मार्गारेटने त्या जागी मूळ शब्द कोणता असावा ते अचूक सांगितले. पुढे सिप्रियनचे ग्रंथ छापणाऱ्या संपादकांनी ते श्रेय तिच्या नावे नोंदवले.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. या विद्येला बाहेरच्या जगात दार नव्हते. विद्यापीठ, न्यायालय, राज्यकारभार, सारे मुलींना बंद होते. मोर यांनीही मार्गारेटला लिहिले ते असे, की तुझ्या लेखनाला पती आणि पिता एवढेच श्रोते पुरेसे मानण्यात तुझा विनय दिसतो. मुलीच्या बुद्धीला त्यांनी सीमा घातली नाही. तिच्या कर्तृत्वाच्या क्षेत्राला मात्र समाजाने घातलेली सीमा त्यांनी मान्य केली.

कसोटी

रोपर यांच्या मनाने काही काळ ल्यूथरच्या शिकवणीचा ध्यास घेतला होता. मोर यांनी जावयाशी वाद घातले, समजावले, पण उपयोग होईना. तेव्हा एक दिवस बागेत त्यांनी मार्गारेटला सांगितले, की यापुढे मी तुझ्या नवऱ्याशी वाद घालणार नाही, त्याच्यासाठी प्रार्थना करीन. रोपर पुढे स्वधर्मात परतले. मात्र घरात एवढी सबुरी दाखविणारे मोर चान्सेलर म्हणून तितके सौम्य नव्हते. १५२९ ते १५३२ या त्यांच्या अधिकाराच्या काळात सहा जणांना पाखंडी ठरवून जाळण्यात आले, आणि त्या शिक्षेचे त्यांनी लेखनातून समर्थन केले. संतांच्या चरित्रातील अशा गोष्टी झाकून ठेवण्यात भक्ती नाही.

१७ एप्रिल १५३४ रोजी मोर टॉवरच्या तुरुंगात गेले. गुजरातच्या सुलतानाने त्याच वर्षी २३ डिसेंबरला आपली वसई पोर्तुगिजांच्या हवाली केली, तेव्हा मोर त्या कोठडीत होते. शपथ घ्या आणि घरी या, असे त्यांची सारी माणसे विनवीत होती. मार्गारेटला भेटीची परवानगी मिळे. ऑगस्ट १५३४ मधील एका भेटीचा वृत्तांत दीर्घ पत्राच्या रूपाने उपलब्ध आहे. ती एकामागून एक मुद्दे मांडते. ते हसत तिला हव्वा म्हणतात आणि प्रत्येक मुद्द्याला उत्तर देतात. सदसद्विवेकबुद्धी म्हणजे काय, दुसऱ्याच्या विवेकावर आपला आत्मा टांगता येतो काय, याची ती चर्चा आहे. ते पत्र मार्गारेटच्या नावाने आहे, पण लिहिले कुणी, बापाने की लेकीने, हे १५५७ साली ते छापणाऱ्या त्यांच्या आप्तालाही ठरविता आले नाही आणि आजही ठरलेले नाही. गुरूचे लेखन कोणते आणि शिष्येचे कोणते हे ओळखू येऊ नये, यापरते शाळेचे यश ते कोणते? आणि दुःख असे, की ज्या लेकीला त्यांनी विचार करायला शिकविले, तिच्याच युक्तिवादाला त्यांना आता नाही म्हणावे लागत होते.

१ जुलै १५३५ रोजी शिक्षा सुनावून मोर यांना टॉवरकडे परत आणले जात असता मार्गारेट पहारेकऱ्यांच्या भाल्याबर्च्यांतून घुसली आणि सर्वांदेखत तिने वडिलांच्या गळ्याला मिठी मारली. ५ जुलैला त्यांनी तिला शेवटचे पत्र लिहिले, तेही कोळशाने. त्या मिठीइतकी तू मला कधी आवडली नव्हतीस, असा त्याचा भाव आहे. त्यात मुलांना आशीर्वाद आहेत, काही बारीकसारीक वस्तू कुणाला द्यायच्या त्याची यादी आहे. मार्गारेट गिग्जला त्यांनी पाठविली तिची आकडेमोडीची पाटी. तुरुंगात ती पाटी कशी आली, कुणी कुणाला गणिते घातली, ते कळत नाही. पण मरणाच्या आदल्या दिवशी एक बाप आपल्या मानलेल्या लेकीची पाटी आठवणीने परत करतो, यात आम्हांला त्या शाळेचे सारे सार दिसते.

ती पाटी घेणारी मुलगी कशी निघाली? १५३७ साली लंडनच्या कार्थुसियन मठातील संन्याशांना राजाचे प्रमुखत्व नाकारल्याबद्दल न्यूगेटच्या तुरुंगात खांबांना जखडून उपाशी मरायला सोडले होते. मार्गारेट गिग्ज गवळणीच्या वेषात, पहारेकऱ्याला पैसे चारून आत जाई, त्यांना आपल्या हातांनी भरवी आणि त्यांची घाण काढी. पुढे या पतिपत्नींना देशत्याग करावा लागला, आणि १५७० साली मेकलेन या गावी तिला मरण आले. गोनेल गुरुजींना लिहिलेल्या पत्रात मोर यांनी विद्येचे जे फळ सांगितले होते, ते तुरुंगातल्या त्या घाणीत पिकले.

मार्गारेट रोपर १५४४ साली निवर्तली. तिनेही आपल्या मुलांना घरीच शिकविले. तिची मुलगी मेरी हिने आजोबांनी टॉवरमध्ये लिहिलेला शेवटचा लॅटिन ग्रंथ इंग्रजीत आणला आणि तो १५५७ साली छापला गेला.

आपले घर

अशी गोष्ट केवळ इंग्लंडातच घडली असे नाही. आपल्या महाराष्ट्राला परिचित असलेल्या पंडिता रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आधी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकविले. त्यासाठी सनातन्यांचा रोष पत्करून त्यांनी गंगामूळच्या अरण्यात घर केले. तेथे १८५८ साली रमाबाई जन्मल्या आणि आईच्या तोंडून संस्कृत शिकल्या. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना पंडिता म्हटले. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा पंथ आपल्याहून वेगळा होता, परंतु साम्य पाहण्यासारखे आहे. मोर आणि अनंतशास्त्री या दोघांनीही पहिली पाटी घरच्या गृहिणीच्या हाती दिली.

मोर यांच्यापाशी पैसा होता, नावाजलेले शिक्षक होते. आपल्यापैकी बहुतेकांपाशी तसे काही नाही. मुलांना शाळेतून काढून घरी बसवा, असे सांगण्याचा आमचा मुळीच उद्देश नाही. आपल्या धर्मगुरूंनी आणि धर्मभगिनींनी कष्टाने उभारलेल्या शाळांचे ऋण आपल्यावर मोठे आहे. आम्हांला टोचते ते वेगळेच. शाळेची फी भरली, शिकवणी लावली, धर्मशिक्षणाच्या वर्गाला रविवारी पाठविले, की आपले कर्तव्य संपले असे आपण समजू लागलो आहोत. पोप अकरावे पायस यांनी १९२९ साली ख्रिस्ती शिक्षणावर विश्वपत्र लिहिले; मोर यांना संतपद देणारे पोप तेच. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ सालच्या शिक्षणविषयक घोषणापत्रात आईवडील हेच मुलांचे आद्य व प्रमुख शिक्षक होत, असे निःसंदिग्धपणे सांगितले. २०२० साली महामारीमुळे शाळा बंद पडल्या तेव्हा आपल्याला हे काही दिवस सक्तीने अनुभवावे लागले. कित्येक घरांतील बापांनी तेव्हा प्रथमच मुलाची वही उघडून पाहिली. शाळा उघडल्या आणि वही पुन्हा मिटली.

ती वही मिटू नये एवढेच आमचे म्हणणे आहे. जेवणाच्या ताटावर कुणीतरी बायबलमधील चार ओळी वाचाव्यात आणि त्यांवर मुलांनी प्रश्न विचारावेत. ज्या रात्री आकाश निरभ्र असेल त्या रात्री अंगणात ध्रुवतारा दाखवावा. परगावी नोकरीला असलेल्या बापाने फोनवर गुण विचारण्याऐवजी मुलाकडून आठवड्याला एक पत्र मागावे, मराठीत, आणि त्याचे उत्तरही लिहावे. आजीला शेतीची, झाडापाल्याची, जुन्या गीतांची जी विद्या ठाऊक आहे ती तिच्याबरोबर मातीत जाऊ देऊ नये. यासाठी चेल्सीचा वाडा लागत नाही. २२ जूनला मिस्साहून परतल्यावर आपल्या लेकराच्या दप्तरातील पाटी बाहेर काढावी आणि त्याच्याशेजारी जमिनीवर बसावे. संत थॉमस मोर यांना ते आवडेल, अशी आमची श्रद्धा आहे.